एक मशीन आणि घरातली तीन माणसं

पिशवीतून त्यांनी आधी मशीन काढून टेबलावर ठेवलं, मग वायरींचं भेंडोळं, मग चिकट पट्ट्या. गोळ्यांची रिकामी पाकिटं मात्र बाईंनी हातातच धरली होती. दोघं आले होते मशीनबद्दल विचारायला. पाकिटं दाखवायची की नाही, हे अजून ठरत नव्हतं.

अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन आठवडा झाला होता. चोपडा तालुक्यातलं, तापीकाठचं, केळीच्या बागांचं गाव. बाई ३८ वर्षांच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. त्यांचे पती, भाऊ, ४३ वर्षांचे, शेती बघतात. घरात भाऊंचे वडील आबा, आई आणि दोन मुलं. मी या भागात १९ वर्षं दवाखाना चालवते, त्यामुळे घर ओळखीचं. या दोघांच्या आणि आबांच्या परवानगीनं ही हकिकत लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

मशीन घरात आलं ते असं. अखजीच्या आधी गावातल्या एका मंगल कार्यालयात आरोग्य शिबिर भरलं. वजन, रक्तदाब, साखर फुकट तपासली आणि शेवटच्या टेबलावर हे मशीन विकायला होतं. विकणाऱ्यानं सांगितलं की पट्ट्या कपाळाला लावल्या की अर्धशिशी जाते, आणि चिमटे कानाच्या पाळीला लावले की तंबाखू सुटते. रोज २० मिनिटं, २१ दिवस. किंमत ४,५०० रुपये. बाईंना अर्धशिशी आणि भाऊंना तंबाखू, म्हणजे एका खर्चात दोन कामं होणार होती. मला या घेण्यात वेडेपणा दिसत नाही. वीस-बावीस वर्षांचं दुखणं असलेल्या माणसासमोर कुणी असा पर्याय ठेवला तर तो हात पुढे करणारच.

दोघांनीही १२ दिवस मशीन वापरलं होतं. बाईंच्या दोन्ही कानशिलांवर चौकोनी लाल डाग पडले होते आणि डावीकडची कातडी जरा सोलली होती. भाऊंची तंबाखू तीन दिवस निम्म्यावर आली आणि चौथ्या दिवशी होती तिथे गेली.

मी मशीन उलटसुलट करून पाहिलं. फिजिओथेरपीच्या खोलीत पाठीला, गुडघ्याला लावतात तेच टेन्स यंत्र होतं. कातडीवरून संवेदनेच्या नसांना छोटे छोटे विजेचे ठोके द्यायचे, म्हणजे दुखण्याचा निरोप मज्जारज्जूत शिरतानाच अडतो, अशी त्यामागची कल्पना. मेलझॅक आणि वॉल या दोघांनी १९६५ साली ती मांडली. वीज दुखण्यावर लावण्याची गोष्ट तर त्याहून कितीतरी जुनी आहे. पहिल्या शतकातला रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस डोकेदुखीसाठी झटका देणारा जिवंत मासा कपाळावर ठेवायला सांगत असे. म्हणून ‘करंटनं कुठे दुखणं जातं का’ असं म्हणून मी हे मशीन बाजूला सारलं नाही. मशीनमधून करंट नीट येत होता. विकताना जे सांगितलं गेलं, त्याला आधार किती, एवढंच तपासायचं होतं.

अर्धशिशीसाठी कपाळावर लावायचं खरंखुरं यंत्र आहे. बेल्जियममध्ये तयार झालेलं सेफाली. मार्च २०१४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधं-उपकरणांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेनं, त्याला परवानगी दिली. अर्धशिशीचे झटके येऊच नयेत म्हणून वापरायचं असं हे पहिलं यंत्र. त्याची एकच पट्टी दोन भुवयांच्या वर मधोमध बसते. त्या जागी ट्रायजेमिनल नसेच्या, म्हणजे चेहऱ्याची संवेदना नेणाऱ्या नसेच्या, दोन फांद्या कातडीजवळ येतात. करंटचे ठोके सेकंदाला ६० आणि जोर जास्तीत जास्त १६ मिलिअँपिअर, तोही हळूहळू चढणारा. साधं टेन्स यंत्र ८० ते १०० मिलिअँपिअरपर्यंत जाऊ शकतं, कारण ते पाठ, गुडघा अशा जागांसाठी बनवलेलं असतं. बाईंनी त्याच्या दोन पट्ट्या दोन कानशिलांवर लावल्या होत्या. करंट डोक्याच्या आरपार जाईल अशा रीतीनं टेन्स लावायचं नाही, हे त्या यंत्राच्या पुस्तिकेतच लिहिलेलं असतं. पुस्तिका खोक्यात होती, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. खोक्यावर बनवणाऱ्याचा परवाना क्रमांक नव्हता. आयात करणाऱ्याचं नावही नव्हतं. वैद्यकीय उपकरणांना आपल्याकडे २०१७ चे नियम लागू आहेत, आणि परवाना असलेल्या उपकरणाच्या लेबलवर परवाना क्रमांक असतो. मी दोघांनाही तो कुठे बघायचा ते दाखवलं.

मग विचारलं, “घरात आणखी कुणी लावलंय का हे?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. “आबांनी,” बाई म्हणाल्या. “खांद्याला.”

आबांचा पेसमेकर

आबा ७४ वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी नाशिकला त्यांना पेसमेकर बसवला आहे. डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली कातडीत त्याचा उंचवटा हाताला लागतो. दुखणारा खांदाही डावाच. मशीनच्या पट्ट्या त्या उंचवट्यापासून वीतभरही लांब नव्हत्या.

मी भाऊंना तिथल्या तिथे घरी फोन करायला लावला. मशीनचं मोठं युनिट टेबलावर होतं, पण सुटे सेल घालून चालणारं छोटं युनिट खोक्यासोबत मोफत मिळालेलं होतं आणि ते आबांच्या खाटेशी होतं. आबा फोनवर शांत होते. “खांदा दुखस ना मन्हा, म्हनीसन लाई दखं.” सहा दिवस लावलं होतं. चक्कर आली नव्हती, डोळ्यांपुढे अंधारी आली नव्हती.

ही गोष्ट मी त्या घराला सावकाश समजावली आणि इथेही सविस्तर लिहिते. पेसमेकर सतत हृदयाचा विजेचा ठोका ऐकत असतो. तो ठोका काही मिलिव्होल्टचा, अगदी बारीक. ठोका ऐकू आला की पेसमेकर गप्प बसतो, आला नाही तरच स्वतः ठोका देतो. शेजारी टेन्सचे ठोके चालू असले तर पेसमेकरला तेच हृदयाचे वाटू शकतात. तो गप्प बसतो, आणि ज्याचं हृदय पेसमेकरच्या भरवशावर चालतं त्याच्यासाठी ते काही सेकंदही भारी पडतात. म्हणून पेसमेकर किंवा छातीत झटका देणारं यंत्र बसवलेल्या माणसानं हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय असलं कुठलंच मशीन लावायचं नाही. अर्धशिशीची परवानगी मिळालेली यंत्रंसुद्धा याला अपवाद नाहीत.

आबांना पुढच्या चार दिवसांत नाशिकला नेऊन पेसमेकर तपासून घेतला. सगळं ठीक होतं. खांद्यासाठी व्यायाम आणि शेक दिला. आपल्याकडच्या एकत्र घरात मशीन एकाचं राहत नाही. रक्तदाबाचं असो, वाफ घ्यायचं असो, ते ओट्यावर फिरतं आणि शेजारीही जातं. तेव्हापासून कुणी कसलंही करंटचं मशीन घेऊन आलं की माझा पहिला प्रश्न दुखण्याचा नसतो. घरात कुणाच्या छातीत मशीन बसवलंय का, कुणाला फिट येतात का, कुणी गरोदर आहे का, हे मी आधी विचारते.

दुधाच्या हिशोबाशेजारची फुली

बाईंनी पाकिटं शेवटी टेबलावर ठेवली. एर्गोटामाइन, कॅफीन आणि पॅरासिटामॉल असलेली मिश्र गोळी. मेडिकलवर मागितली की मिळते.

डोकं दुखायला लागलं ते दहावीत असताना. बहुतेक वेळा उजवी बाजू. ठणका, मळमळ, उलटी. उजेड आणि आवाज सहन होत नाही. झोपलं नाही तर दिवसभर, कधी दोन दिवस. पाळीच्या आधी, एकादशीच्या उपवासाला आणि उन्हात गाडीवरून शाळेत गेल्यावर हमखास. शाळेला पत्र्याचं छप्पर आणि चैत्र-वैशाखात आपल्याकडचं ऊन, त्याचं वर्णन करायची गरज नाही. ही अर्धशिशीच होती, त्यात शंका नव्हती. पण गेल्या वर्षभरात दुखणं बदललं होतं. आता ठणक्याशिवायही डोकं जड, आवळल्यासारखं, आणि उठताक्षणी.

किती दिवस दुखतं, याला त्यांचं उत्तर होतं, “असतंच.” या उत्तरावर उपचार करता येत नाही. मी स्वयंपाकघरातलं कॅलेंडर मागवलं. त्या दुधाचा हिशोब त्यावर ठेवतात आणि गोळी घेतली की कोपऱ्यात बारीक फुली मारतात, हे बोलता बोलता कळलं होतं. दोन महिन्यांची पानं आम्ही समोर ठेवून मोजली. महिन्याला १७ दिवस गोळी. शाळेतल्या रजा आणि आठवण जुळवली तेव्हा डोकेदुखीचे दिवस १९ आले.

बाई बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिल्या. त्यांना स्वतःलाही ते आठ-दहा वाटत होते.

इथे या प्रकरणाचा खरा रोग सापडला. एर्गोटामाइनची, ट्रिप्टानची (ही अर्धशिशीची खास औषधं) किंवा अशी मिश्र गोळी महिन्याला १० दिवस किंवा जास्त, साधी वेदनाशामक १५ दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं आणि डोकं महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस दुखायला लागलं, की ती औषधाच्या अतिवापराची डोकेदुखी. गोळी उतरली की डोकं दुखतं, दुखलं की गोळी. अर्धशिशी असलेल्या माणसांतच हे चटकन होतं. दुखऱ्या पाठीसाठी रोज गोळ्या खाणाऱ्याला असं सहसा होत नाही. यात बाईंची चूक काढण्यासारखं काहीही नव्हतं. ४० मुलांचा वर्ग समोर असताना माणूस गोळी घेणारच, आणि दहाच्या पुढे जाऊ नका हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. त्यात मीही आले. दोन वर्षांपूर्वी त्यांनी माझ्याकडे मुलीच्या तापासाठी आल्यावर सहज ‘माझं डोकं दुखतं’ म्हटलं होतं आणि मी सहज गोळी लिहून दिली होती. ते पान फाईलमध्ये आहे.

मशीनचा प्रश्न या आकड्यांमुळे निराळा झाला. सेफालीचा मुख्य अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. बेल्जियममधली पाच केंद्रं, ६७ रुग्ण, तीन महिने रोज २० मिनिटं. खऱ्या यंत्राच्या गटात अर्धशिशीचे दिवस महिन्याला ६.९४ वरून ४.८८ वर आले. ज्यांचे दिवस निम्म्यानं किंवा अधिक घटले असे रुग्ण ३८.१ टक्के, तर नुसता करंटचा भास देणाऱ्या यंत्राच्या गटात १२.१ टक्के. दंडावर बांधायचं इस्रायलचं नेरिव्हिओ आलं ते २०१९ मध्ये. त्याच्या अभ्यासात २५२ रुग्ण होते, आणि दोन तासांत दुखणं हलकं झालं अशांचं प्रमाण ६६.७ टक्के, तर भासाच्या यंत्राच्या गटात ३८.८ टक्के. त्या अभ्यासात महिन्याला २ ते ८ झटके येणारे रुग्ण घेतले होते. महिन्याचे १९ दिवस डोकं दुखणाऱ्या आणि १७ दिवस गोळी घेणाऱ्या आमच्या बाई त्यात बसल्याच नसत्या. यंत्राचं चांगलं नाव ज्या रुग्णांवरून झालं, तसे आधी त्यांना व्हायचं होतं.

गोळी बंद करायची ठरली, तीही शाळेच्या सुट्टीत. मे महिन्याचा शेवट, शाळा उघडायला तीन आठवडे. ही वेळ आम्ही मुद्दाम निवडली. एर्गोटामाइन अचानक थांबवलं की पहिला आठवडा कठीण जातो, आणि तो आठवडा वर्गात उभं राहून काढणं अमानुष झालं असतं. त्याआधी जळगावला मेंदूविकारतज्ज्ञांना एकदा दाखवून घेतलं. डोळ्यांचा पडदा, रक्तदाब, हातापायांची ताकद ठीक. अचानक वीज कोसळल्यासारखं दुखणं, तापासोबत मान आखडणं, बोलणं अडखळणं, पन्नाशीनंतर नव्यानं सुरू झालेलं दुखणं, यांपैकी काही नव्हतं. असतं तर आधी स्कॅन झाला असता. तज्ज्ञांनी झटके कमी यावेत म्हणून रात्री १० मिलिग्रॅम अ‍ॅमिट्रिप्टिलिन सुरू केलं. मधल्या काळासाठी नॅप्रोक्सेन ही साधी वेदनाशामक गोळी, आठवड्यातून दोनच दिवस, आणि उलटीवरची गोळी.

दुसऱ्या दिवसापासून सहाव्या दिवसापर्यंत बाई अंधाऱ्या खोलीत पडून होत्या. सासूबाईंनी चूल आणि मुलं दोन्ही सांभाळली. चौथ्या दिवशी भाऊंचा फोन आला, एक गोळी देऊ का? मी नाही म्हटलं आणि घरी जाऊन आले. सलाईन आणि उलटीचं इंजेक्शन दिलं. आठव्या दिवशी त्या अंगणात येऊन बसल्या. वर्षभरानंतर सकाळी उठताना डोकं हलकं होतं, असं त्यांनी सांगितलं.

जुलैत डोकेदुखीचे दिवस ९. ऑगस्टमध्ये ८. मशीन न लावता.

दंडाला का?

नेरिव्हिओ भारतात २०२३ पासून डॉ. रेड्डीज या कंपनीमार्फत डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं. उरलेल्या आठ दिवसांसाठी ते वापरून बघायचं सप्टेंबरात ठरलं, कारण बाईंना तोंडानं घ्यायच्या गोळीची आता भीती बसली होती आणि ती भीती योग्यच होती. खर्च हलका नाही. ठरावीक वापरांनंतर ते यंत्र संपतं आणि नवीन घ्यावं लागतं, हे मी आधीच सांगितलं. मोबाईलवरून चालतं, ४५ मिनिटं लावायचं, झटका सुरू झाल्यापासून तासाभराच्या आत.

भाऊंनी विचारलं, “डोकं दुखतं तर दंडाला का बांधायचं?” प्रश्न अगदी बरोबर होता. शरीरात एका ठिकाणी जोरदार संवेदना पोचली की मेंदूच्या देठातून खाली दुखणं दाबणारा निरोप सुटतो आणि दुसऱ्या ठिकाणचं दुखणं मंदावतं. सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनालिन ही रसायनं त्यात काम करतात. करंट म्हणून चांगला जाणवेल इतका हवा, पण दुखेल इतका नको. कमी ठेवला तर उपयोग नाही. बाई पहिल्या दोन वेळा घाबरून फार कमी ठेवत होत्या. कानशिलांवरच्या सालपटांची आठवण ताजी होती. तिसऱ्या वेळी दवाखान्यात बसवून जोर ठरवून दिला.

सप्टेंबर ते नोव्हेंबर ११ झटक्यांना यंत्र लावलं. ७ वेळा दोन तासांत दुखणं हलकं झालं किंवा थांबलं. ४ वेळा नाही, आणि तेव्हा नॅप्रोक्सेन घेतलं. त्या चारपैकी तीन वेळा यंत्र उशिरा लावलं होतं. शाळेत पर्यवेक्षक आले होते, दंडावर पट्टा दिसायला नको वाटला. डोकेदुखीचे दिवस त्या तीन महिन्यांत ६, ७ आणि ५.

आता यात यंत्राचा वाटा किती? अभ्यासात भासाच्या यंत्रानंही ३८.८ टक्क्यांना बरं वाटलं होतं, म्हणजे ११ पैकी चारेक वेळा असं तसंही झालं असतं. अ‍ॅमिट्रिप्टिलिन चालू होतंच. उपवासाच्या दिवशी त्या आता दूध आणि केळी घेतात. एका रुग्णावरून याचा निवाडा होत नाही, आणि मी तो करत नाही. १९ वरून ८ ही मोठी उतरण मात्र यंत्राच्या आधी झाली, हे कॅलेंडरवर लिहिलेलं आहे. कुणी मला ‘मशीननं बाई बऱ्या झाल्या’ म्हणालं तर मी ते पान दाखवेन.

कानाच्या पाळीवरचे चिमटे

भाऊंची तंबाखू २२ वर्षांची. दिवसाला दीड पुडी. सकाळी डोळा उघडल्यावर चूळ भरायच्या आधी पहिला बार. उठल्यापासून पाच मिनिटांत लागते याचा अर्थ निकोटिनची पकड घट्ट आहे. “तलफ येस ना, तवय काहीच सुचत नही,” ते म्हणाले. त्या आधी तीनदा सोडून झाली होती. तिन्ही वेळा डोकं दुखणं, चिडचिड, पोट साफ न होणं, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी पुन्हा पुडी. ही निकोटिन उतरण्याची लक्षणं आहेत. भाऊंचं मात्र असं म्हणणं होतं की आपलं मनच कच्चं आहे.

कानाला करंट लावण्याची कल्पना हाँगकाँगची. १९७२ मध्ये तिथल्या तुंग वाह रुग्णालयात वेन नावाचे मेंदूचे शल्यविशारद शस्त्रक्रियेतली वेदना थांबवण्यासाठी सुया टोचून त्यांना करंट जोडत होते. अफूचं व्यसन असलेल्या रुग्णांनी सांगितलं की अफू न घेताही आज त्रास होत नाही. तिथून ती गोष्ट जगभर गेली आणि तंबाखूपर्यंत पोचली. पण सिगारेट सोडण्यासाठी अशा सुया आणि करंट खरोखर उपयोगी पडतात का, हे २०१४ च्या कोक्रेन आढाव्यात, म्हणजे आधीचे सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात, पाहिलं तेव्हा भरवशाचा, सातत्यानं दिसणारा पुरावा मिळाला नाही. भाऊंच्या पहिल्या तीन दिवसांत तंबाखू घटली ती चिमट्यांमुळे की रोज २० मिनिटं हात गुंतल्यामुळे, कोण सांगणार?

कसोटीला उतरलेलं एक साधन आहे, पण ते खिशात मावत नाही. २००७ मध्ये असं दिसून आलं की इन्सुला या मेंदूच्या भागाला इजा झालेल्या काही सिगारेट ओढणाऱ्यांची तलफ सहज निघून गेली. पुढे ब्रेन्सवे या कंपनीनं शिरस्त्राणासारखं यंत्र त्या भागाकडे रोखलं. त्यातून चुंबकाचे जोरदार ठोके सुटतात आणि कातडीला तार न लावता मेंदूच्या पेशींत करंट तयार होतो. ऑगस्ट २०२० मध्ये एफडीएनं त्याला सिगारेट सोडवण्यासाठी परवानगी दिली. २६२ जण, तीन आठवडे रोज आणि पुढे आठवड्याला एक अशी १८ सत्रं. प्रत्येक सत्राआधी सिगारेटची तलफ मुद्दाम जागी करायची आणि सोबत थोडं बोलायचं. उपचार पुरा करणाऱ्यांत चार आठवडे सलग सिगारेट न ओढणारे २८ टक्के, भासाच्या गटात ११.७ टक्के. हे यश खरं आहे. पण इतकं करूनही दहातल्या सात जणांची सिगारेट सुटली नाहीच.

आणि हे सगळं सिगारेटचं. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूर काढणारे प्रौढ ३.८ टक्के होते, आणि तंबाखू तोंडात ठेवणारे, मिसरी लावणारे २४.४ टक्के. संशोधनाचा पैसा धुराकडे गेला आहे आणि आपलं दुखणं गालात आहे. मला याचा राग येतो. भाऊंसारख्या लाखो माणसांवर ते शिरस्त्राण कुणी वापरून बघितलेलं नाही, म्हणून शिबिरातला माणूस काहीही सांगू शकतो.

मी टॉर्च लावून भाऊंचं तोंड बघितलं. डाव्या खालच्या ओठाच्या आत, जिथे ते बार ठेवतात, तिथली कातडी पांढुरकी, सुरकुतलेली. तोंड चार बोटं उघडत होतं. दंतवैद्यांकडे पाठवलं. त्यांनी तीन महिने तंबाखू बंद ठेवून पुन्हा दाखवायला सांगितलं, न निवळल्यास तुकडा तपासायचा. पांढरा डाग आरशात बघितल्यावर भाऊ पहिल्यांदा गप्प झाले.

तारीख सासूबाईंनी ठरवली. श्रावणातल्या रविवारी घरी कानबाई, ही खानदेशातली देवी, बसते, सगळी भावकी रोट खायला जमते. “कानबाईपुढे ठेव पुडी आणि पुन्हा उचलू नको,” त्या म्हणाल्या. मी त्यात निकोटिनच्या २ मिलिग्रॅमच्या लॉझेंज जोडल्या. तोंडात ठेवायच्या तंबाखूवर आजवर ज्यांना आधार मिळाला आहे त्यांत व्हरेनिक्लिन हे तलफ कमी करणारं औषध, या लॉझेंज आणि समुपदेशन आहे. लॉझेंज चावायची नाही, गालात ठेवून विरघळवायची. ज्याचा गाल २२ वर्षं भरलेला होता त्याला हे जमतं. पुडीवरच छापलेला १८००-११-२३५६ हा फुकट नंबर त्यांनी माझ्यासमोर लावला आणि पुढच्या आठवड्यांत तिकडून त्यांना फोन येत राहिले.

कानबाईपासून ४१ दिवस तंबाखू नाही. मग रात्रीची लाईट आली. शेतीपंपाला एक आठवडा दिवसा वीज, एक आठवडा रात्री. रात्री दोन वाजता केळीला पाणी द्यायला उभं राहायचं, झोप आवरायला शेजारच्या सालदारानं मळलेली चिमूट पुढे केली आणि भाऊंनी घेतली. तीन रात्री घेतली. चौथ्या दिवशी स्वतः दवाखान्यात आले, मान खाली. मी त्यांना सांगितलं की ४१ दिवस कुठेही गेलेले नाहीत. मग आम्ही फक्त रात्रीच्या पाण्याचा विचार केला. लॉझेंज खिशात, थर्मासमध्ये बिनसाखरेचा चहा, भाजलेले फुटाणे, आणि त्या आठवड्यात सालदाराऐवजी पुतण्या सोबतीला. मोटर सुरू करायला मोबाईलवर चालणारा स्टार्टर बसवला, म्हणजे प्रत्येक वेळी विहिरीवर जाऊन उभं राहायला नको. या स्टार्टरवर जो खर्च झाला तो शिबिरातल्या मशीनपेक्षा फार जास्त नव्हता, आणि माझ्या मते भाऊंच्या तंबाखूवर लागू पडलेलं विजेचं यंत्र हेच.

त्यानंतर दिवाळी गेली, दोन लग्नं गेली. जानेवारीच्या तपासणीत त्यांना तंबाखू सोडून सलग साडेतीन महिने झाले होते. लॉझेंज दिवसाला दोनवर आल्या होत्या. ओठाच्या आतला पांढुरका भाग बराच निवळला होता आणि दंतवैद्यांनी तुकडा घ्यायची गरज नाही, पण सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा, असं लिहून दिलं.

शिबिरातलं मोठं मशीन बाईंनी सुटे भाग काढून कपाटात ठेवलं होतं. डिसेंबरात सासूबाईंचे गुडघे फार दुखायला लागले तेव्हा त्यांनी ते मला विचारून बाहेर काढलं. मी चोपड्यातल्या फिजिओथेरपिस्टकडे ते तपासायला दिलं. करंट ठीक येतो, पण वायरींचं आवरण फाटलंय, असं कळलं. वायरी बदलायच्या आहेत. तोवर सासूबाई तिकडेच जाऊन गुडघ्यांना टेन्स घेतात, आठवड्यातून दोनदा, आणि आबा बाहेरच्या बाकावर बसतात.

बाईंच्या कॅलेंडरवर जानेवारीत सहा फुल्या आहेत. अ‍ॅमिट्रिप्टिलिन कमी करता येतं का, हे फेब्रुवारीत जळगावला विचारायचं आहे. भाऊंची पुढची तारीख होळीनंतरची.